गढूळ झालेला लाव्हा लॅम्प पुन्हा नितळ कसा करायचा

लाव्हा लॅम्प म्हणजे काचेच्या बाटलीतल्या रंगीत पाण्यात मेणाचे गोळे वर-खाली फिरतात तो शोभेचा दिवा. आमच्या घरातला गौरी-गणपतीच्या विसर्जनाच्या रात्री बिघडला. दिवसभर तो मखराशेजारी चालू होता. रात्री आवराआवर करताना कोणीतरी तो गरम असतानाच उचलला, आडवा धरला आणि माळ्यावर चढवला. पुढच्या वर्षी खाली काढला तेव्हा आतलं निळं पाणी ताकासारखं झालं होतं. बल्ब लावला की नुसता दुधी उजेड दिसायचा. आत मेण हलतंय की नाही, तेही कळेना.

आत्याने १९९८ साली न्यू जर्सीहून येताना कपड्यांच्या घड्यांत गुंडाळून आणलेला लॅम्प तो. टाकून द्यायचा माझा जीव होईना. पुण्यात कित्येक घरांतलं कोणी ना कोणी अमेरिकेत आहे, त्यामुळे असे लॅम्प इथल्या माळ्यांवर बरेच पडून असणार. कुंभारवेशीजवळ बुधवार-रविवारी जुना बाजार भरतो, तिथेही मला एक मिळाला. आमचा, तो बाजारातला आणि मैत्रिणींकडचे दोन, असे चार लॅम्प मी आजवर ताळ्यावर आणले आहेत. त्यातून जे कळलं ते इथे सविस्तर लिहिते.

आत काय चालतं

हा दिवा इंग्लंडमध्ये एडवर्ड क्रेव्हन वॉकर यांनी १९६३ साली बाजारात आणला. एका पबमध्ये अंडी उकडायची वेळ मोजणारं एक घरगुती साधन त्यांनी पाहिलं होतं. एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव आणि उष्णता, एवढ्यावर ते चालायचं. तीच कल्पना त्यांनी दिव्यात आणली.

मेणबत्तीचं मेण पाण्यात टाकलं तर तरंगतं, कारण त्याची घनता ०.९ च्या आसपास असते. त्याने लाव्हा लॅम्प होणार नाही, मेण कायम वरच राहील. म्हणून कारखान्यात मेणात एक जड, क्लोरीनयुक्त द्रव मिसळतात. प्रमाण असं साधतात की गार असताना मेण पाण्यापेक्षा जेमतेम जड भरेल आणि तळाशी बसेल. खालून बल्बची ऊब लागली की मेण वितळतं आणि फुगतं. पाणीही फुगतं, पण २० अंशांपासून ५० अंशांपर्यंत तापवलं तरी त्याची घनता जेमतेम एक टक्का घटते. वितळलेलं मेण त्याच्या जवळजवळ दुपटीने फुगतं. तेवढ्याने पारडं फिरतं, मेण पाण्यापेक्षा हलकं होतं आणि गोळा वर निघतो. वर गेल्यावर ऊब कमी, म्हणून तो आकसतो, जड होतो आणि खाली येतो.

तळाशी स्प्रिंगसारखं तारेचं कडं असतं. खाली आलेले गोळे एकमेकांना नुसते चिकटून बसतात, पृष्ठताणामुळे एकजीव होत नाहीत. हे तापलेलं कडं त्यांची ‘साय’ फोडतं आणि गोळे पुन्हा एक होतात. पाण्यात साबणासारखा एक पदार्थही अगदी थोडा असतो, त्यामुळे मेण काचेला चिकटत नाही.

सगळा खेळ एखाद्या टक्क्याच्या फरकावर चालतो, हे डोक्यात पक्कं बसलं की पुढच्या प्रत्येक पायरीवर हात आपोआप सावध राहतो.

गढूळ म्हणजे नक्की कसं गढूळ?

बादलीत डेटॉलचे चार थेंब टाकले की पाणी पांढरं होतं, कारण तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात पसरतात आणि प्रकाश विखुरतात. लॅम्पमध्ये तेच होतं. वितळलेलं मेण हलवलं की पाण्यातल्या साबणाच्या मदतीने त्याचे बारीक थेंब होतात, आणि गार झाल्यावर ते तसेच तरंगत राहतात. लोणी काढायला ताक घुसळतो त्याच्या उलट हे, गोळा झालेलं लोणी पुन्हा ताकात मोडल्यासारखं.

पण प्रत्येक गढूळपणा असा नसतो. अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च बाटलीला बाजूने लावून पाहा. सगळीकडे सारखा दुधट उजेड दिसला तर मेणाचे सूक्ष्म थेंब आहेत. तपकिरी झाक असेल तर आतलं कडं गंजतंय. शेवाळासारखे तंतू किंवा झुपके दिसले तर पाण्यात जंतू वाढलेत. पाणी नितळ पण काच धुरकट दिसत असेल तर आतून मेणाचा पातळ थर बसलाय. आणि निळ्याचं नुसतं फिकट, पारदर्शक पाणी झालं असेल तर तो उन्हाने उडालेला रंग आहे. त्यासाठी बाटली उघडायची गरज नाही.

आधी बाटली न उघडता

लॅम्प एका जागी ठेवा आणि तिथून हलवू नका. आठवडाभर बंदच राहू द्या. मग रोज सहा ते आठ तास चालवा आणि रात्री पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना सुटे थेंब वितळलेले असतात, फिरणाऱ्या मोठ्या गोळ्यांना भेटले की त्यांच्यात मिसळतात. गार होताना उरलेल्यांतले काही खाली बसतात. प्रत्येक फेरीला थोडी साफसफाई होते. दहा-बारा फेऱ्या तरी द्या. मैत्रिणीचा एक लॅम्प नवव्या दिवशी पूर्ण निवळला, त्याला मी बोटही लावलं नाही. आमचा मात्र पंधरा दिवसांनी ताकाचा पन्ह्यावर आला आणि तिथेच थांबला.

इथे तुरटीचा मोह होतो. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवलेली आपण लहानपणापासून पाहतो. लॅम्पमध्ये ती घालू नका. तुरटीने पाणी आम्लधर्मी होतं, कडं गंजतं, आणि जो चिकट पांढरा साका बसतो तो मेणावरच बसतो.

फेऱ्या देताना मेण वरच चढत नसेल तर पाण्याला दोष देण्याआधी विजेकडे बघा. अमेरिकेतले लॅम्प १२० व्होल्टचे असतात, आपल्याकडे २३०. तो बल्ब सरळ आपल्या प्लगला लावला तर साडेतीन पटीच्या आसपास वीज ओढू पाहतो आणि क्षणात जातो, कधी काच फोडून जातो. म्हणून लोक ट्रान्सफॉर्मर लावतात. पण त्यातले बरेच ११० व्होल्ट देतात. तेवढ्या फरकाने ४० वॅटचा बल्ब ३४-३५ वॅटवर येतो, मेण तळाशी घुमटासारखं फुगतं आणि तिथेच अडतं. आमचा लॅम्प कित्येक वर्षं ‘सुस्त’ होता तो याच कारणाने.

मी शेवटी तपकीर गल्लीतून वायर, स्विच आणि होल्डर असं सगळं २३० व्होल्टचं घेतलं आणि इलेक्ट्रिशियनकडून बदलून घेतलं. ट्रान्सफॉर्मर सुटला. बल्ब मात्र तारेचाच हवा. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही, आणि या दिव्याला उबेचीच गरज आहे. ओव्हनमध्ये लागणारे छोटे १५ आणि २५ वॅटचे बल्ब मिळतात. आपला जुना काचेचा झीरोचा बल्बही नावाला झीरो, प्रत्यक्षात तो १५ वॅटच्या आसपास घेतो आणि अगदी छोट्या लॅम्पला पुरतो. मूळ बल्बवर जितके वॅट छापलेत तितकेच घ्या. लवकर तापावं म्हणून जास्त वॅटचा लावू नका.

लॅम्प गॅसवर तर कधीच तापवू नका. २००४ साली अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात एका तरुणाने लाव्हा लॅम्प शेगडीवर ठेवून तापवला. तो फुटला, काचेचा तुकडा छातीत घुसला आणि तो मुलगा गेला. बंद बाटलीत वाफेला जायला जागा नसते.

पाणी बदलणं

फेऱ्यांनी काम झालं नाही तरच बाटली उघडा. मात्र १९७० च्या आधीचा, आजोबांच्या काळातला अस्सल जुना लॅम्प असेल तर तो अजिबात उघडू नका. त्या काळच्या मेणात कार्बन टेट्राक्लोराइड असू शकतं आणि त्याची वाफ यकृताला घातक असते. नंतरच्या लॅम्पमधलं मेणही खेळायची वस्तू नाही. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, मुलांना आणि मांजरांना दूर ठेवा. या कामाला घेतलेलं नरसाळं, वाटी, चमचा परत स्वयंपाकघरात नेऊ नका.

लॅम्प एक दिवस पूर्ण बंद ठेवून मगच सुरुवात करा. मेण दगडासारखं घट्ट झालेलं हवं. बाटलीला सोड्याच्या बाटलीसारखं पत्र्याचं बूच असेल तर ओपनरने एकाच जागी जोर देऊ नका. बाटली फिरवत फिरवत कडेकडेने थोडं थोडं उचला. जुन्या काचेचा ओठ टवका उडून जातो आणि तसं झालं की नवं बूच कधीच घट्ट बसत नाही. उघडण्याआधी पाणी कुठपर्यंत होतं तिथे बाहेरून मार्करने रेघ ओढा. ही रेघ पुढे फार कामाला येते.

जुनं पाणी एका प्लास्टिकच्या बाटलीत काढा. ते गाळून परत वापरता येईल असं वाटतं. मी मलमलचं फडकं लावून पाहिलं, कॉफीचा फिल्टर कागदही लावून पाहिला. तुकडे अडकतात, दुधटपणा तसाच पलीकडे जातो. ते पाणी मोरीत ओतू नका. झाकण लावून, चिठ्ठी चिकटवून घरगुती घातक कचऱ्यासोबत वेगळं द्या.

नवं पाणी डिस्टिल्ड हवं. गाड्यांच्या बॅटरीत घालायचं पाणी गॅरेजमध्ये किंवा बॅटरीच्या दुकानात मिळतं, ते चालतं. नळाचं नको. खडकवासल्याचं पाणी पिण्याला गोड असलं तरी त्यात क्षार आणि क्लोरीन असतंच. उपनगरांतल्या बोअरच्या आणि टँकरच्या पाण्याने तर गिझरच्या कॉइलवर चुना बसतो, तो लॅम्पच्या काचेवरही बसेल. आरओच्या पाण्यातही थोडे क्षार उरतात. डिस्टिल्ड पाणी आधी उकळून झाकून गार करा. त्याने जंतू मरतात आणि विरघळलेली हवाही निघून जाते, नाहीतर काचेला बारीक बुडबुडे चिकटून राहतात.

मेण बाटलीतून बाहेर काढू नका. वेगळ्या भांड्यात तर मुळीच वितळवू नका, कारण त्यातला जड द्रव उडून जातो आणि मेण कायमचं हलकं होतं. त्यावर घरी करण्यासारखा उपाय नाही. बाटलीतच गार पाणी घालून, हळूच गोल फिरवून ओतून द्या. असं चार-पाच वेळा करा. एका खेपेला साबणाचा एक थेंब चालेल, पण नंतर फेस पूर्ण निघेपर्यंत खळबळून घ्या. काचेवरचा थर लांब दांड्याच्या बाटली-ब्रशने हलक्या हाताने निघतो. मग नवं पाणी नरसाळ्याला नळी लावून, नळी काचेला टेकवून, सावकाश भरा. रेघेच्या बोटभर खालीच थांबा.

यानंतरचं काम सर्वात नाजूक, आणि मला सर्वात आवडतंही हेच. कारखान्यातल्या मूळ पाण्यात घनता जुळवणारे पदार्थ होते, आपण भरलेलं पाणी नुसतं पाणी आहे. त्यामुळे बहुतेक वेळा मेण त्याच्यापेक्षा फारच जड पडतं, तळाशी फुगून बसतं आणि वर येत नाही. पाणी किंचित जड करायला मी एप्सम सॉल्ट वापरते, म्हणजे शेतीच्या दुकानात मिळणारं मॅग्नेशियम सल्फेट. खताच्या पोत्यातलं माती मिसळलेलं असू शकतं, म्हणून औषधाच्या दुकानातलं घ्या. खायच्या मिठानेही घनता वाढते, पण कडं लवकर गंजतं.

१०० मिली गरम डिस्टिल्ड पाण्यात १५ ग्रॅम एप्सम सॉल्ट विरघळवून गार करा. लॅम्प चालू करा, तोंडावर बूच नुसतं उपडं ठेवा, दाबू नका. दोन-तीन तासांत मेण पूर्ण वितळेल. मग सुई काढलेल्या सिरिंजने बाटलीतलं ५ मिली पाणी काढा आणि तेवढंच खारं पाणी वरून हळूहळू सोडा. आता वीस मिनिटं थांबा. खारं पाणी आधी खाली बसतं, सगळीकडे पसरायला वेळ घेतं. मेणाच्या घुमटाला मान फुटू लागली की जवळ आलात. मग २ मिलीच्या खेपा करा. गोळा सुटून वर गेला, वर क्षणभर रेंगाळला आणि खाली आला की थांबा.

अंदाजासाठी सांगते. ६०० मिलीच्या बाटलीत १० ग्रॅम एप्सम सॉल्ट गेलं की पाण्याची घनता पाऊण टक्क्याच्या आसपास वाढते. पहिल्या वेळी मी घाईने अर्धी वाटी खारं पाणी एकदम ओतलं. सगळं मेण वर जाऊन बुचाखाली थापलं गेलं आणि दोन दिवस तिथेच राहिलं. मग पाणी काढत, साधं डिस्टिल्ड भरत मला तितकीच पायपीट उलटी करावी लागली. मीठ जास्त झालं तर परतीची वाट ही अशी आहे, स्पिरिट किंवा अल्कोहोल घालून पाणी हलकं करू नका. गरम बल्बवर ज्वालाग्राही द्रव ठेवणं मला कुठल्याही परिस्थितीत मान्य नाही.

मेण काचेला चिकटत असेल तर बिनरंगी भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब चमचाभर पाण्यात विरघळवा आणि त्यातलं थोडं थोडं घाला. साबण जास्त झाला तर बारीक बारीक थेंब होऊन पुन्हा तेच ताक हाती येईल. रंग शेवटी, खाण्याच्या द्रवरंगाचे दोन-तीन थेंब. निळा मला दोनच थेंबांत पुरेसा वाटतो. गडद केला तर मेण दिसतच नाही.

बूच

रात्रभर गार होऊ द्या आणि मगच बूच लावा. पाणी रेघेपर्यंत भरा, त्याच्या वर थेंबभरही नाही. वरची हवेची जागा रिकामी सोडलेली नसून मुद्दाम राखलेली असते. ६०० मिलीच्या बाटलीत पाणीच तापल्यावर ७-८ मिली फुगतं आणि वितळताना मेण त्याहून जास्त. पाणी दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. काठोकाठ भरलेली बाटली तापली तर बूच उडेल किंवा काच तडकेल.

सरबतं आणि सॉस बाटल्यांत भरणाऱ्या छोट्या उद्योगांत बूच बसवायचं हाताचं यंत्र असतं. दांडा खाली ओढला की सरळ वरून दाब पडतो. अनेक लॅम्पच्या तोंडाला २६ मिलिमीटरचं साधं सोडा-बाटलीचं बूच बसतं, पण आपल्या बाटलीचं तोंड मोजून घ्या. मला आतून नवं अस्तर असलेली बुचं बोहरी आळीत मिळाली. यंत्र विकत घेतलं नाही, ओळखीच्या सरबतवाल्या काकूंकडे गार बाटली टॉवेलमध्ये उभी धरून, रिक्षातून मांडीवर घेऊन गेले. त्यांनी एका झटक्यात बसवून दिलं. यंत्र नाही म्हणून हातोडी आणि लाकडाचा ठोकळा वापरू नका, काचेचा गळा जातो. जुनं वाकलेलं बूचही परत दाबू नका. रबरी बूच किंवा कॉर्क ठोकून चालत नाही, गरम झाल्यावर ते सुटतं.

आटे असलेलं झाकण असेल तर काम सोपं आहे. आतली चकती नवी घाला, आट्यांवर नळवाल्यांची टेफ्लॉन टेप दोन वेढे लावा, घट्ट फिरवा आणि बाहेरून झाकणाच्या कडेला सिलिकॉन सीलंटची बारीक रेघ ओढा. चोवीस तास वाळू द्या. सीलंट आत जाता कामा नये.

गळती तपासायला लॅम्प उलटा करू नका. गळ्याभोवती टिश्यू पेपर गुंडाळून एक फेरी चालवा, ओल आली तर लगेच दिसते. दुसरी परीक्षा जास्त विश्वासाची आहे. बाटली स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा, आकडा लिहून ठेवा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा करा. दोन-तीन ग्रॅम कमी भरले तर बुचातून वाफ जाते आहे.

पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत मेण वेडंवाकडं वागतं. दोरीसारखं उभं राहतं किंवा तुकडे होऊन फिरतं. आतलं सगळं पुन्हा मुरायला तेवढा वेळ लागतो, लगेच बूच उघडू नका. पुण्याच्या उन्हाळ्याचंही भान ठेवा. हे लॅम्प थंड देशांतल्या खोल्यांसाठी जुळवलेले आहेत. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी घरात ३४-३५ अंश असतात, वरचं पाणी मेणाला गार करूच शकत नाही आणि सगळं मेण वर जमून बसतं. तो बिघाड नाही. मी मार्चच्या शेवटी लॅम्प बंद करते आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडून गेला की लावते. एका वेळी आठ तासांच्या वर नाही, आणि खिडकीत ऊन येतं तिथे नाही.

आमचा लॅम्प आता दिवाणखान्यात कोपऱ्यातल्या स्टुलावर आहे. बुडाशी चिठ्ठी लावली आहे, त्यावर बूच लावल्याची तारीख, वजन आणि बल्बचे वॅट लिहिलेत. त्याखाली लाल अक्षरांत ‘गरम असताना उचलू नये’. गणपतीत तो मखराशेजारी असतो आणि विसर्जनाहून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही.